साहेबांचा आठवडा समजला, सभागृहाचा हिशेब कुठं आहे?

रविवारी रात्री जेवणं आटोपत असताना आमच्या तालुक्यातल्या बहुतेक फोनवर एक पोस्ट येते. वर आमदार साहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली येणाऱ्या आठवड्याचा कार्यक्रम. सोमवारी संपर्क कार्यालयात जनता दरबार. मंगळवारी सिमेंट रस्त्याचं भूमिपूजन, दुपारी दोन लग्नं. बुधवारी एका कार्यकर्त्याच्या घरी सांत्वनपर भेट, मग एका तेरवीला. गुरुवारी आरोग्य शिबिर. शुक्रवारी तहसीलमध्ये आढावा बैठक. शनिवारी टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचं बक्षीस वितरण. आणि आठवडाभर या प्रत्येक गोष्टीचे फोटो, रील, मागे गाणं.

तालुक्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आणि विधानसभेचे ७ मतदारसंघ आहेत. तुम्ही कुठलेही असा, तुमच्या फोनवर याच साच्यातली पोस्ट येत असेल. पक्ष बदलला तरी साचा बदलत नाही, फक्त गमछ्याचा रंग बदलतो.

मी या पोस्टची टिंगल करायला बसलेली नाही. आमच्या आईवडिलांच्या पिढीला आमदार पाच वर्षांतून एकदा दिसायचा, तोही जीपमधून. आज सोमवारी सकाळी गेलं तर समोर बसता येतं, ही गोष्ट छोटी नाही. मी स्वतः लोकांना घेऊन जाते. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये काही ना काही कारणानं बंद पडलेली म्हातारी माणसं आमच्याकडे प्रत्येक वस्तीत आहेत. बँकेत जा, तहसीलमध्ये जा, हयातीचा दाखला पुन्हा द्या, असं चार महिने हिंडून जे काम होत नाही, ते साहेबांच्या पीएच्या एका फोननं पंधरा मिनिटांत होतं. त्या म्हातारीला मी लोकशाहीवर व्याख्यान देऊ का? तिला घेऊन मी दरबारात जाते आणि पुढेही जाईन.

पण बाहेर आल्यावर एक प्रश्न मनात राहतो. ते काम पंधरा मिनिटांचं होतं, तर चार महिने का अडलं? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. अधिसूचित केलेली सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणं हा त्यात हक्क आहे, वेळेत न मिळाल्यास अपील आहे, अधिकाऱ्याला दंड आहे. हा कायदा ज्या सभागृहानं केला, त्याच सभागृहाचे सदस्य दर सोमवारी खुर्ची टाकून, हक्कानं मिळायला हवं ते फोन करून मिळवून देतात, आणि आपण हात जोडून आभार मानतो. कायद्यानं जे आपलं होतं ते मेहरबानी होऊन परत येतं. अपील करा असं कुठल्याही जनता दरबारात कुणाला सांगितलेलं मी अजून ऐकलेलं नाही. अपील केलं तर पुढच्या सोमवारी गर्दी कशी होणार?

आता एका मावशींची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगणार नाही, ते तुमच्या लक्षात येईलच.

मावशी विधवा, भूमिहीन, वय पन्नाशीच्या आत. लोकांच्या वावरात निंदण आणि कापूस वेचणी करून दोन पोरं वाढवली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत त्यांनी अर्ज केला होता. योजना तुम्हाला माहीत असेलच: दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन शासन विकत घेऊन देतं. योजना २००४ ची. पूर्वी निम्मं अनुदान आणि निम्मं कर्ज होतं, २०१८ पासून शंभर टक्के अनुदान आहे. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. म्हणजे कागदावर मावशींचा नंबर पहिल्या ओळीत.

अर्ज वर्षभर हलला नाही म्हणून मी त्यांना सोमवारी दरबारात नेलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चांगलं बोलले, अधिकाऱ्याला फोनही लावला. मावशींनी निवेदन पुढे केलं तेव्हा पीए म्हणाला, "मावशी, जरा इकडे बघा." संध्याकाळी ग्रुपवर फोटो. निवेदन देताना मावशी, स्वीकारताना साहेब, आणि वर ओळ: भूमिहीन भगिनीला मिळाला न्याय.

तिसऱ्या दिवशी मावशी ज्यांच्या वावरात वेचायला जातात त्या मालकानं विचारलं, "काऊन वं, जमीन मागाले गेलती म्हणे? मंग आता आमच्या वावरात कायले येतं?" तो हसत बोलला. आजूबाजूच्या बायाही हसल्या. त्या हंगामात मावशींना त्या वावरात पुन्हा बोलावणं आलं नाही. ऐन वेचणीची रोजी गेली. मी घरी गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "ताई, जमीन तं नाई भेटली, फोटो भेटला."

फोटो काढायची परवानगी मी मागू दिली नाही, मावशींनी दिली नाही, कुणी विचारलीही नाही. तिथं त्यांच्या बाजूला मी उभी होते. ती चूक माझीही आहे आणि ती मी अजून गिळू शकलेली नाही.

आता साहेबांच्या त्या फोनकडे पाहू. फोननं काय झालं असतं? काहीच नाही, कारण अडचण त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर नव्हतीच. ही योजना अशी चालते की आधी कुणीतरी जमीन विकायला तयार हवा, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ती पाहून दर ठरवते. शासन निर्णयानं या दराला कमाल मर्यादा घातली: जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला एकरी ८ लाख. रस्त्यालगतचं, पाण्याचं, काळ्या मातीचं वावर या दरात कोण देणार? जे मिळतं ते मुरमाड, टेकाडाचं, वाट नसलेलं. त्यातून जमीन बौद्धाला जाणार हे कळल्यावर शेजारचा बांधकरी विकणाऱ्याचे कान भरतो, हे वेगळं सांगायला नको. म्हणजे मावशींचा अर्ज अडलाय तो मर्यादेच्या आकड्यात, निधीच्या तरतुदीत आणि गावाच्या जातीत. पहिल्या दोन गोष्टी ठरतात मुंबईला आणि नागपूरला. त्या बदलायची जागा विधानसभा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, सामाजिक न्याय विभागाच्या मागण्यांवर कपात सूचना, अशासकीय विधेयक, ही हत्यारं फक्त आमदाराकडे आहेत. सांत्वनाला मीही जाते. बक्षीस वाटायला सरपंच पुरतो. पण सभागृहात उभं राहून "यवतमाळ जिल्ह्यात या योजनेखाली गेल्या तीन वर्षांत किती एकर जमीन खरेदी झाली आणि किती अर्ज प्रलंबित आहेत?" हे मंत्र्याला विचारणं मला जमत नाही, तुम्हालाही जमत नाही. ते फक्त सात माणसांना जमतं, आणि नेमकी तीच गोष्ट रविवारच्या पोस्टमध्ये नसते.

सात म्हणाले, पण तेही खरं नाही. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात आपल्या जिल्ह्याला तीन मंत्रिपदं मिळाली: दिग्रसचे संजय राठोड, राळेगावचे अशोक उईके आणि पुसदचे इंद्रनील नाईक. जिल्हाभर मिरवणुका निघाल्या, जेसीबीतून फुलं उधळली जातात तशी उधळली गेली. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. म्हणजे जिल्ह्याच्या वतीनं प्रश्न विचारू शकणारे उरले चार: वणी, यवतमाळ, आर्णी आणि उमरखेड. त्यातले दोन सत्ताधारी पक्षाचे. मंत्रिपद ही ताकद आहे, मी नाकारत नाही. खात्यात बसून माणूस बरंच करू शकतो. पण ती ताकद वाढली तेव्हा जाब विचारणारी तोंडं कमी झाली, हे कुणी बोललं का? आणि ज्या अधिवेशनाच्या तोंडावर हा शपथविधी झाला, ते नागपूरचं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असं सहा दिवसांचं होतं. खातेवाटप जाहीर झालं अधिवेशन संपल्यावर. सहा दिवस बिनखात्याचे मंत्री आणि विदर्भाचे प्रश्न. वर्षभर मात्र जनता दरबार दर सोमवारी न चुकता भरतो.

मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळते करण्यात आले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. आता कुणी म्हणेल, लाडक्या बहिणी आपल्याही आहेत. आहेत ना. मावशींच्याही खात्यात १५०० येतात. प्रश्न असा की मावशींचे १५०० मावशींच्याच जमिनीच्या पैशातून का द्यायचे? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकात २०१३ साली, तेलंगणात २०१७ साली, राजस्थानात २०२२ साली अनुसूचित जाती-जमातींच्या विकास निधीसाठी स्वतंत्र कायदे झाले. महाराष्ट्रात, बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात, ती अजून मागणीच आहे. त्या आठवड्यात माझ्या फोनवरच्या पोस्टमध्ये एका व्यायामशाळेचं उद्घाटन होतं.

इथं बाबासाहेबांची आठवण काढायची ती फोटोला हार घालायला नाही. विधिमंडळाचा सदस्य म्हणजे काय, हे त्यांनी करून दाखवलंय म्हणून. १९२७ च्या फेब्रुवारीत ते मुंबई कायदे कौन्सिलात नियुक्त सदस्य म्हणून गेले आणि पहिलं भाषण केलं ते अर्थसंकल्पावर. पुढच्याच महिन्यात महाड. या दोन गोष्टी आपण वेगळ्या वेगळ्या शिकतो, पण त्या एकाच धाग्यातल्या आहेत. चवदार तळ्यावर जाण्याचा आधार होता सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये त्याच कौन्सिलात मंजूर करून घेतलेला सार्वजनिक पाणवठ्यांचा ठराव. सभागृहात एका सदस्यानं ठराव आणला, महाडच्या नगरपालिकेनं तो मानला, तरी तळं बंदच राहिलं. मग लोकांनी जाऊन ओंजळ भरली. ठराव नसता तर सत्याग्रहाच्या हातात कागद नसता, आणि सत्याग्रह नसता तर ठराव फायलीत मेला असता. पुढं १९२८ मध्ये महार वतनाचं विधेयक, त्याच वर्षी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक, आणि जानेवारी १९३८ मध्ये त्याच मागणीसाठी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा. आत विधेयक, बाहेर मोर्चा, दोन्हींमागे एकच माणूस.

आणि लोकांना कळवत कसे होते? त्यांचंही साप्ताहिक होतंच की. 'जनता' १९३० च्या नोव्हेंबरमध्ये पाक्षिक म्हणून निघालं आणि पुढच्या वर्षी साप्ताहिक झालं. दर आठवड्याला लोकांपर्यंत जाणं ही काही आजच्या आमदारांच्या सोशल मीडिया टीमची अक्कल नाही. फरक मजकुराचा आहे. तिथं सभागृहात काय मांडलं, सरकार काय म्हणालं, गावात काय घडलं हे छापलं जायचं. ते वाचणारा गावकुसाबाहेरचा माणूस बऱ्याचदा स्वतः निरक्षर असायचा, दुसरा वाचून दाखवायचा. तरीही त्याला कायद्याची भाषा झेपणार नाही, त्याला रील दाखवा, असं कुणाला वाटलं नाही.

मी समाजशास्त्र शिकताना आश्रयदाता आणि आश्रित अशा नात्यावर बरंच वाचलं होतं. गावात उतरल्यावर ते पुस्तकाबाहेर दिसलं. जुन्या काळात पाटलाच्या ओट्यावर उभं राहून धान्य मागायचं, आता संपर्क कार्यालयाच्या ओट्यावर उभं राहून दाखला मागायचा. आपल्या बाबतीत तर याला वेगळं टोक आहे. जिल्ह्यातल्या सात जागांपैकी तीन राखीव आहेत, उमरखेड अनुसूचित जातीसाठी, राळेगाव आणि आर्णी अनुसूचित जमातीसाठी. राखीव जागा कुठून आल्या ते ध्यानात ठेवा. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या. निदान त्या करारात प्राथमिक निवडणूक होती, प्रत्येक जागेसाठी अस्पृश्य मतदारच चार उमेदवार आधी निवडणार होते. आज ती निवड पक्षाचा तिकीट देणारा करतो. म्हणून राखीव जागेवरचा माणूस निवडून येतो आपल्या नावावर आणि बांधील राहतो दुसऱ्याला. कांशीराम साहेबांनी 'चमचा युग' हे पुस्तक या कराराला पन्नास वर्षं झाली त्याच तारखेला, १९८२ मध्ये काढलं, ते उगाच नाही. अशा प्रतिनिधीला सभागृहात तोंड उघडायची जोखीम असते. भूमिपूजनात कसलीच जोखीम नसते. हे मी व्यक्तींबद्दल बोलत नाही, रचनेबद्दल बोलतेय. खुल्या जागेवरच्यांचं तर आणखी सोपं, त्यांना १४ एप्रिलला निळा फेटा बांधला की वर्षभर पुरतो.

आणखी एक जागा आहे जिथं आमदारानं बसायचं असतं आणि जिचा फोटो कधी येत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम १७ वाचा. जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्य सचिव समाजकल्याणचे अधिकारी, आणि जिल्ह्यातले खासदार-आमदार सदस्य. दर तीन महिन्यांत निदान एक बैठक व्हायलाच हवी. पीडितांना अर्थसाहाय्य मिळालं का, तपास कुठं अडला, खटले किती पडून आहेत, हे या बैठकीत बघायचं असतं. तुमच्या वस्तीत अत्याचाराचा गुन्हा नोंदवून घेताना पोलीस ठाण्यात रात्रभर बसावं लागलं असेल, तर ही समिती तुमची आहे. वर्षाला किमान चार बैठका. तुमचे आमदार त्यातल्या किती बैठकांना बसले? वर्षाला पन्नासच्या वर रविवारच्या पोस्ट येतात, त्यात या चार तारखा मला अजून दिसलेल्या नाहीत. उपस्थितीची सही कागदावर असते आणि माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात. विषय एकच ठेवा, दीडशे शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्याच कारणानं परत पाठवतील.

आता आपल्याबद्दल. आमदाराला हा साचा एकट्यानं सापडलेला नाही, आपण तो त्याच्या हातात दिलाय. आमच्या जयंती समितीच्या बैठकीत आमदारांकडे काय मागायचं यावर दोन तास चर्चा झाली होती. कमान, विहाराला शेड, पेव्हर ब्लॉक, साऊंड. सबळीकरणाचा शब्द मी काढला तर एक दादा म्हणाले, "ताई, ते होत नाही, शेड तरी होईल." त्यांचं चुकलं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. आमदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, शेड त्यातून खरंच होते आणि पावसात लोकांना उपयोगी पडते. पण ती शेड मिळाली की तिच्यावर नावाची पाटी लागते आणि पुढची चार वर्षं त्या पाटीखाली बसून आपण त्या माणसाला प्रश्न विचारू शकत नाही. २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा सांत्वनाच्या गाड्या गावोगाव फिरल्या. पाठीवर पंप घेऊन फवारणारा मजूर कुणाचा असतो हे आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्षी मजुरांच्या वतीनं सभागृहात कोण काय बोललं, हे आपल्यापैकी किती जणांनी काढून वाचलं? मीही वाचलं नव्हतं. विधिमंडळाचं कामकाज संकेतस्थळावर आहे, मराठीत आहे, फुकट आहे. मी ते पहिल्यांदा उघडलं ते मावशींच्या फोटोनंतर.

नागपूर आपल्यापासून दीडशे किलोमीटर. दर डिसेंबरला आपले मोर्चे तिथं जातात, झिरो माईलला अडवले जातात, शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं, बाहेर येऊन फोटो. प्रश्नांच्या सूचना मात्र अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. मोर्चा निघतो तोवर प्रश्नांची मुदत संपलेली असते. म्हणून यंदा आम्ही पाच-सहा जणांनी काम उलटं केलं. मावशींच्या अर्जावरून एका तारांकित प्रश्नाचा मसुदा लिहिला: किती अर्ज, किती एकर, किती निधी परत गेला, दराची मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव आहे काय. दक्षता समितीच्या बैठकांचा एक वेगळा अर्ज कलेक्टर ऑफिसला. मसुदा घेऊन सोमवारी दरबारात गेलो. पीएनं वाचला आणि विचारलं, "यात तुमचं वैयक्तिक काम काय आहे?" वैयक्तिक काही नाही म्हटल्यावर त्याला तो कागद कुठल्या फायलीत ठेवायचा ते समजेना. शेवटी आम्ही पोच मागून घेतली. या वेळी मावशी घरीच होत्या आणि फोटोसाठी आम्ही नको म्हणालो.

त्या पोचचा फोटो काढून रात्री ग्रुपवर टाकावा म्हणून फोन उघडला. खाली लिहायच्या जागी ओळ होती, या ग्रुपवर फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. मग ती पोच आम्ही आमच्या विहाराच्या फळ्यावर लावली, दिनांकासकट. शेजारी एक रकाना रिकामा ठेवलाय, उत्तर आलं की लिहायला.